पितळी बाथ ॲक्सेसरीजची निर्यात: भाव नगावर द्यायचा की किलोवर?

तांबडी_माती | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक जुनं ट्रॉब (ऑटोमॅटिक लेथ). भाऊ मशीन सांभाळतो, मी हिशेब, जीएसटी आणि लोकांचे फोन. आजवर सगळं काम ऑटोच्या सप्लायरांचं, बुश, निपल असलं. गेल्या महिन्यात मावसभावाच्या ओळखीने दुबईच्या एका खरेदीदाराची चौकशी आली. टॉवेल रॉड ६०० मिमी, रोब हुक, साबणदाणी, पेपर होल्डर. ५०० सेट. क्रोम, मॅट ब्लॅक आणि ब्रश्ड गोल्ड अशा तीन फिनिशमध्ये. कागदावर लिहिलंय 'सॉलिड ब्रास'. सोबत नमुना म्हणून एक क्रोमचा हुक पाठवलाय. प्रत्येक नगाचा एफओबी न्हावा शेवा भाव (म्हणजे माल तिथे जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून) मागतोय आणि हुकासाठी १.६० डॉलरचं टार्गेट दिलंय.

आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढलाय, एलयूटीही (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) झालंय. पण भाव काढायला बसले की पाटी कोरी. यातलं कोणी आहे का इथे?

चहाबाज | सोमवार, रात्री ९:५२

वाचतोय. (यातलं काही कळत नाही, पण घरातला टॉवेल रॉड आताच जाऊन हलवून बघितला. हलतोय.)

बफिंगवाला | सोमवार, रात्री ११:१५

ताई, एवढ्या माहितीवर भाव सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

अंबरनाथला माझं प्लेटिंगचं युनिट आहे, २६ वर्षं झाली. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा एक्स्पोर्टर विचारतो, 'क्रोम कितीला?' मी उलट विचारतो, 'निकेल किती?' क्रोमला तसं मोल काहीच नाही हो. वरचा क्रोमचा थर ०.२-०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो फक्त निळसर चमक देतो आणि चरे पडू देत नाही. गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल. ८-१० मायक्रॉन निकेल म्हणजे बरं काम. ३ मायक्रॉन निकेलवर क्रोम मारून दिलेला नग पहिल्या दिवशी अगदी तसाच दिसतो, फरक पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो. निकेल महाग, टाकीत जास्त वेळ ठेवायचं म्हणजे वीजही जास्त. त्यामुळे भाव पाडून दिला की प्लेटर पहिली कात्री कुठे लावतो ते मी वेगळं सांगत नाही.

शिवाय मायक्रॉन मोजायचा कुठे, हेही ठरवून घ्या. करंट टोकांवर आणि कडांवर जास्त धावतो, तिथे थर जाड बसतो. हुकाच्या वळणाच्या आतल्या बाजूला निम्माच. रिपोर्टवर १० मायक्रॉन लिहिलेलं असतं ते टोकावरचं. ड्रॉइंगवर बाण काढून 'इथे किमान ८' असं लिहून द्या.

शंकासुर | सोमवार, रात्री ११:३१

मुळात १.६० डॉलरमध्ये सॉलिड ब्रासचा हुक बसतो का? माझा भरवसा नाही. त्यांनी पाठवलेला नमुना तरी पितळेचा आहे का?

निवृत्त_धातुकाका | मंगळवार, सकाळी ६:२०

शंकासुरांनी लाखातला प्रश्न विचारला. तांबडी_माती, नमुना घरी आहे ना? मग लॅबला पाठवू नकोस, स्वयंपाकघरात जा.

हुकाच्या मागची भिंतीवरची पट्टी ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) सोडवून वेगळी कर. नुसता भरीव हुक घे, काट्यावर वजन कर. मग त्याच काट्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून काटा शून्यावर आण. हुक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला नि काठाला टेकू देऊ नकोस. दोरा हातात धर. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर पाणी हुकाने बाजूला सारलं. पहिल्या वजनाला याने भाग. ८.५ च्या आसपास आलं तर पितळ. ७.९ आलं तर स्टेनलेस. ६.६-६.७ आलं तर साच्यात दाबून ओतलेला जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे झमॅक. पोकळ नळीच्या रॉडला मात्र हे करू नकोस, आत हवा अडकली की सगळं चुकतं.

तांबडी_माती | मंगळवार, दुपारी १:०५

काका!! केलं. आई म्हणाली, हुकाची आंघोळ का चालली आहे.

वजन १९८ ग्रॅम. पाण्यात बुडवल्यावर ३० ग्रॅम. म्हणजे ६.६.

विश्वास बसेना म्हणून भावाने मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी कानस मारली. क्रोमखाली आधी एक तांबूस रेघ दिसली आणि त्याखाली राखाडी-पांढरं. पिवळं कुठेच नाही.

निवृत्त_धातुकाका | मंगळवार, दुपारी १:४०

ती तांबूस रेघ म्हणजे तांब्याचा थर. जस्त आम्लाच्या निकेल टाकीत सरळ घातलं तर विरघळायला लागतं, म्हणून आधी अल्कलाइन तांबं द्यावं लागतं. नग व्यवस्थित बनवलाय, फक्त कागदावरचं नाव खोटं आहे.

झमॅकला नावं ठेवायचं कारण नाही. चारशे अंशांच्या आत वितळतं, साच्यातून नक्षीकाम बारीक निघतं, मशीनिंग जवळपास नाहीच. टॉवेलचं वजन पेलायला पुरेसं आहे. पण प्लेटिंगला एक पिनहोल राहिलं की आतून पांढरी बुरशी आल्यासारखं होतं आणि थर फोडासारखा उचलतो. पितळेचं तसं होत नाही, ते हिरवं पडलं तरी तग धरून राहतं.

देरा_दुबईकर | मंगळवार, रात्री ८:५०

मी इकडे देरा भागात हार्डवेअरच्या होलसेलमध्ये आहे. तुमच्या खरेदीदाराला मी ओळखत नाही, पण ही पद्धत ओळखतो. तो फसवतोय असंच नाही, कदाचित त्यालाच कोणीतरी 'ब्रास' म्हणून विकलंय. इकडे बाजारात माल तीन पायऱ्यांत चालतो. स्वस्तात झमॅक किंवा २०२ ग्रेडचं स्टेनलेस, मध्ये ३०४ ग्रेडचं, वर पितळ. व्हिलाच्या कामाला पितळ मागतात, भाड्याच्या इमारतींना झमॅक चालतो. तुम्ही दोन्ही भाव द्या, एकाच पत्रात, वजनासकट. समजा, 'सॉलिड ब्रास, १८० ग्रॅम' आणि 'झिंक अलॉय, १४० ग्रॅम'. त्याला काय हवंय ते त्याला ठरवू द्या.

आणखी एक. भारत-यूएई व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. इकडे एरवी ५ टक्के आयात शुल्क लागतं, करारातल्या मालाला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतात बनल्याचा दाखला) असलं की बरंच वाचतं. भाव देताना ते तुमच्याकडून मिळेल असं लिहा. चीनच्या भावाशी झुंजताना हे ५ टक्के तुमच्या बाजूने आहेत.

बडोदेकर | मंगळवार, रात्री १०:२५

मी मूळचा बडोद्याचा, गेली ११ वर्षं जामनगरला क्वालिटीत आहे. इथे दरेडला आणि शंकर टेकरीला कोणालाही भाव विचारा, उत्तर किलोत येतं. हे शिकून घ्या, कारण तुमचा माल बहुधा इथूनच येणार. भोसरीत बसून पितळेचं फोर्जिंग करणं तुम्हाला परवडणार नाही, मशीनिंग जरूर परवडेल.

हुकाचं गणित उदाहरण म्हणून मांडतो. भाव आजचे तुम्ही बघा, मी गोल आकडे धरतोय.

तयार हुक १८० ग्रॅमचा धरू, तुमच्या नमुन्यापेक्षा लहान. त्यासाठी पितळेचा कच्चा रॉड लागला २६० ग्रॅम. रॉड ६०० रुपये किलो धरला तर १५६ रुपये. ८० ग्रॅम चिप्स (कातताना निघणारे तुकडे) निघाल्या, त्या ५०० ने परत गेल्या, ४० रुपये वजा. धातू पडला ११६. मशीनिंग २२, बफिंग १८, निकेल-क्रोम २५, स्क्रू-प्लग ६, पिशवी आणि खोका १४. झाले २०१. रिजेक्शनचे ८ टाका (नवे आहात, आणखी टाका). २०९. त्यावर खर्च-नफा धरून ३१. २४०. भोसरी ते न्हावा शेवा आणि बंदरावरची कटकट, नगामागे ५. एकूण २४५. डॉलर ८५ ने धरला तर २.८८.

म्हणजे १.६० ला पितळ बसत नाही. पाणी आधीच बोललं होतं, आता कागदही बोलला.

तोच हुक झमॅकमध्ये: आकार तोच, म्हणून वजन १४० ग्रॅम. किलोला ३०० धरा, ४२ रुपये. रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला धातू) परत भट्टीत जातो, चिप्सचा हिशेब नाही. ११६ च्या जागी ४२, मग १.६० चं कोडं सुटतं. मात्र साच्याचा खर्च वेगळा आणि ५०० नगांवर तो वाटला तर रडू येईल. तयार साचा असलेल्याकडूनच घ्या.

तांबडी_माती | मंगळवार, रात्री ११:१०

चिप्स परत जातात हे आम्हाला माहीत होतं (ऑटोचं पितळी काम करतो), पण ते भावात मांडायचं डोक्यात आलं नव्हतं. आम्ही चिप्सचे पैसे दिवाळीच्या बोनसचे समजतो. 😀

भाव देताना तो किती दिवस चालेल असं लिहायचं? खरेदीदार म्हणतो ९० दिवस धरून ठेवा.

बडोदेकर | मंगळवार, रात्री ११:३४

अजिबात नाही. हिशेब बघा. १८० ग्रॅम पितळेत ५८ टक्के तांबं धरलं तर साधारण १०४ ग्रॅम तांबं. लंडनच्या धातुबाजारात तांबं टनाला १००० डॉलरने चढलं तर किलोला १ डॉलर, म्हणजे ८५ रुपये. तुमच्या हुकावर नऊ रुपये गेले. तुमचे खर्च-नफ्याचे मिळून ३१ होते. हजार डॉलरची उडी तांब्याला एका तिमाहीत काही अवघड नाही.

भावपत्रावर लिहा: लंडनच्या तांब्याचा अमुक भाव आणि डॉलरचा अमुक दर धरलाय, ऑर्डरच्या दिवशी तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर धातूचा भाग बदलेल, मजुरी बदलणार नाही. मुदत ७ दिवस. जो खरेदीदार पितळ नेहमी घेतो त्याला हे वाक्य नवीन नसतं. जो भडकतो तो झमॅकवाला.

पैसे आले की त्याच दिवशी रॉड बुक करा. ३० टक्के ॲडव्हान्स धातूच्या निम्म्यालाही पुरत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून ५० मागा, ४० वर या. उरलेले बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या कागदाच्या) कॉपीवर. 'माल पोहोचल्यावर ६० दिवसांनी' हे पहिल्या ऑर्डरला ऐकूनसुद्धा घेऊ नका.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:०२

अवांतर: स्टेनलेसचं काय? लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येतो ना?

निवृत्त_धातुकाका | बुधवार, सकाळी ९:२०

नाही येत. हा गैरसमज दुकानदारांनी पसरवलाय. २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये महाग निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज घातलेलं असतं, तरी जात तीच. उलट चांगला ३०४ सुद्धा वाकवला-ओढला की त्या जागी किंचित चिकटतो. एक ड्रॉप टेस्टचं किट मिळतं, थेंब टाकून बॅटरी लावायची, रंगावरून मँगनीज कळतं. खात्री हवी असेल तर स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी लॅबची चाचणी).

आणि समुद्राजवळ ३०४ सुद्धा चहाच्या ओघळासारखे तपकिरी डाग घेतो. गोव्यात मुलीच्या फ्लॅटमध्ये बघितलंय. तिथे मॉलिब्डेनम असलेला ३१६ लागतो. दुबईचा किनाराही काही वेगळा नाही.

रॉटरडॅमची_सर | बुधवार, दुपारी ४:१५

मी नेदरलँड्समध्ये एका आयातदाराकडे खरेदीत काम करते, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. दोन गोष्टी.

पहिली, टॉवेल रॉड आणि नळ यांची गल्लत करू नका. नळातून पिण्याचं पाणी जातं, त्यामुळे शिशाचे नियम लागतात. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांवर शिशाची भारित सरासरी ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या फ्री-कटिंग (सहज कातल्या जाणाऱ्या) पितळी रॉडमध्ये शिसं दोन-तीन टक्के असतं, म्हणून तर चिप्स इतक्या सुंदर तुटतात. हुकाला, टॉवेल रॉडला हा नियम नाही. पण युरोपात शिसं २०१८ पासून चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा मालात ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर आम्हाला लेखी कळवावं लागतं. विचारल्यावर 'नो लेड' असं ठोकून देऊ नका. किती आहे ते सांगा, चालतं.

दुसरी, आमच्याकडचे काही लोक सप्लायरला 'हेक्स क्रोम फ्री' (विषारी हेक्साव्हॅलंट क्रोम नाही) असं प्रमाणपत्र मागतात आणि सप्लायर घाबरून ट्रायव्हॅलंटचे (दुसऱ्या, कमी विषारी क्रोमच्या टाकीचे) जादा पैसे लावतो. हेक्साव्हॅलंट हे टाकीतल्या द्रवात असतं. नगावर बसतो तो धातुरूप क्रोम. युरोपातल्या कारखान्यांना ती टाकी वापरायला परवानगी लागते, बाहेरून आलेल्या तयार नगाला ती लागू नाही. माल नीट धुतलेला असावा, फटीत द्रव अडकलेला नसावा, एवढं बघा.

बफिंगवाला | बुधवार, रात्री १०:४०

रॉटरडॅमताईंना साष्टांग. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगून थकलो.

आता उरलेल्या दोन फिनिशचं. मॅट ब्लॅक म्हणजे काय हे खरेदीदाराला विचारलंत का? पावडर कोटिंग ६०-८० मायक्रॉन. स्वस्त, पण ग्रब स्क्रूचं भोक आणि आटे बुजतात. भोकात रबरी प्लग घातल्याशिवाय द्यायचं नाही, नाहीतर तुमच्या भावाला एकेक भोक टॅपने मोकळं करत बसावं लागेल. ईडी कोट (टाकीत विजेने बसवलेला रंग) १५-२० मायक्रॉन, आटे वाचतात, चरा लवकर पडतो. ब्लॅक पीव्हीडी (निर्वातात बसवलेला पातळ थर) सगळ्यात टणक आणि सगळ्यात महाग, वर बोटांचे ठसे दिसतात.

ब्रश्ड गोल्ड. इथे लोक हमखास गंडतात. एक मार्ग: पितळालाच ब्रश मारून वर लॅकर. अगदी सोनं दिसतं. मोलकरणीने एकदा ॲसिडवाल्या क्लीनरने पुसलं की लॅकर सुटतो आणि दोन महिन्यांत देवघरातल्या समईसारखं काळवंडतं. दुसरा मार्ग पीव्हीडी. निर्वात चेंबरमध्ये झिर्कोनियम किंवा टायटेनियमचं नायट्राइड बसतं, अर्धा मायक्रॉनही नाही, पण खरवडून निघत नाही. खाली निकेल-क्रोम हवंच, कारण हा थर गंज अडवत नाही, रंग देतो. आणि झमॅकवर पीव्हीडी करायला सांगाल तर आधी विचार करा. निर्वातात गरम झालं की आतल्या पोकळ्यांतला वायू फुगतो आणि नगावर देवीचे व्रण उमटतात. कमी तापमानात करणारे आहेत, पण बेताने.

पीव्हीडीचा भाव नगावर नसतो, चेंबरवर असतो. चेंबर भरला काय, अर्धा राहिला काय, पैसे तेच. ५०० सेटमधले गोल्ड किती ते आधी विचारा. ४० सेट असतील तर नगाला जो भाव पडेल तो ऐकून खरेदीदार क्रोमवर येईल.

आणि रंग. दोन चेंबरचा गोल्ड एकसारखा येत नाही. फिकट, मधला, गडद असे तीन नमुने करा, तिघांवर खरेदीदाराची सही घ्या, एक संच त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. आमच्या एका गिऱ्हाइकाने हे केलं नाही. रॉड आणि हुक वेगळ्या दिवशी चेंबरला गेले. एकाच बाथरूममध्ये एक सोनं आणि एक तूप. सगळा माल डिस्काउंटमध्ये गेला.

बडोदेकर | बुधवार, रात्री ११:१८

+१. त्यात भर: बफिंगनंतर प्लेटिंगच्या आधी नग उन्हात तिरका धरून बघा. भंगारातून ओतलेल्या स्वस्त रॉडमध्ये कडक कण असतात, बफने पितळ घासलं जातं आणि कण तसाच राहतो, त्याच्यामागे धूमकेतूसारखी शेपटी पडते. क्रोमखाली ती लपत नाही, उलट चमकते. तेव्हा रॉड फार स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊ नका.

सॉल्ट स्प्रेही (खाऱ्या फवाऱ्यातली गंजाची चाचणी) ठरवून घ्या. ५ टक्के मीठ, ३५ अंश. २४ तास, ९६ तास, २०० तास, प्रत्येकाचा प्लेटिंगचा भाव वेगळा. '२०० तास म्हणजे किती वर्षं?' असं खरेदीदार विचारतो. त्याचं उत्तर देऊ नका, तसं भाषांतर होत नाही.

चहाबाज | गुरुवार, सकाळी ८:१५

इतका माहितीपूर्ण धागा आणि मी माझा टॉवेल रॉड अजून फेविक्विकने चिकटवतोय. वाचनखूण साठवली.

निवृत्त_धातुकाका | गुरुवार, सकाळी ८:४०

अवांतराला अवांतर. ब्रिटिश काळात आपल्याकडे पावसाळ्यात लष्कराची पितळी काडतुसं आपोआप तडकायची. ठेवलेली असायची तबेल्याजवळ. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना आत राहिलेला ताण, तिघांनी मिळून चीर पाडायची. आजही ताणात बसवलेली पितळी नट अमोनियावाल्या काच-क्लीनरने तडकते. म्हणून वाकवलेल्या भागांना २५०-३०० अंशांवर ताण काढून घ्यायचा, मगच बफ.

तांबडी_माती | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:०५

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

दोन्ही भाव पाठवले, वजनं लिहून, कानस मारलेल्या नमुन्याचा फोटो जोडून. चार दिवस शांतता. मला वाटलं गेला. मग त्याचा फोन आला, सुरुवातीला जरा फणकाऱ्यातच. आपल्याला ब्रास म्हणून काय मिळत होतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं (देरा_दुबईकर, तुमचा अंदाज बरोबर). आता ठरलंय ते असं: पितळेत फक्त हुक आणि रॉडचे ब्रॅकेट, १२० सेट, क्रोम. बाकीचे ३८० झमॅकमध्ये तो दुसरीकडून घेतोय. गोल्डचे ३० सेट होते, चेंबरचा भाव ऐकून रद्द. ॲडव्हान्स ४० टक्के आला, त्याच दुपारी जामनगरला रॉड बुक केला. हुकाचा भाव २.९५ लागला.

५०० चे १२० झाले म्हणून भाऊ खट्टू आहे. मी नाही.

सीएचए (कस्टम्सचा एजंट) म्हणाला हुक ८३०२ या कस्टम्स कोडमध्ये जाईल, पितळ, स्टील, जस्त अशा कोणत्याही साध्या धातूचा असला तरी. साबणदाणी असती तर पितळेची ७४१८, स्टीलची ७३२४. एलसीएलमध्ये (दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये) घनमीटर किंवा टन, जे जास्त असेल त्याचं भाडं. खोके लहान आणि वजनदार, आमचं टनावर जाणार असं दिसतंय.

एक शेवटचं विचारते. ग्रब स्क्रू एम५ चा आहे. लोखंडी झिंक प्लेटेड ८० पैशांना मिळतोय, स्टेनलेसचा अडीच रुपये सांगतात. आत लपतो, दिसत तर नाही. लोखंडी चालेल का?

बफिंगवाला | शनिवार, रात्री ९:१९

नाही. अडीचचा घ्या. हुकाच्या खालच्या बाजूला ते भोक असतं, पाणी तिथेच साचतं. सहा महिन्यांत भिंतीवरच्या पांढऱ्या टाइलवर तपकिरी ओघळ येतो, खरेदीदार फोटो पाठवतो आणि लिहितो, 'युअर प्लेटिंग इज बॅड.' मग तुम्ही मला फोन करता.

तांबडी_माती | शनिवार, रात्री ९:२२

स्टेनलेस घेते. 🙏